थिएटरमधला अबोला

"हेमा, डॉक्टरांना सांग, प्रोब जरा दाराकडं वळवा."

डॉक्टर म्हणजे तिचा नवरा, आणि तो तिच्यापासून धड दोन हातांवरही उभा नव्हता. मध्ये होते ते मी, माझं भुलेचं मशीन आणि झोपवलेल्या मुलीच्या डोक्यापाशी ताणून बांधलेला एक हिरवा पडदा. तरी मी माझं काम केलं.

"सर, दाराकडं."

"ऐकलं," जयसिंग म्हणाला. "मॅडमना सांग, वळवलाय."

"कुमुद, वळवलाय."

"दिसतंय मला."

हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे आमच्या भाषेत पंपावर, बसलेला दत्तू मोहिते मास्कच्या आत हसला असणार, कारण त्याचे खांदे हलले. मी डोळे वटारल्यावर तो नळ्यांकडे बघायला लागला.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची कोल्हापुरातली गोष्ट आहे. आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल जुन्या इमारतीत होतं, थिएटरला एक दार आणि एक कायमची बंद केलेली, दुधी काचेची खिडकी. तेवढ्याशा जागेत आम्ही लहान मुलांची हृदयं दुरुस्त करायचो. जयसिंग सरनाईक सर्जन, त्याची बायको कुमुद मुलांची हृदयरोगतज्ज्ञ आणि मी, हेमलता शिरगुप्पे, भूल देणारी. जयसिंगला मी तोंडावर 'सर' म्हणायची आणि पाठीमागे जयसिंग. कुमुद मात्र माझी मैत्रीण, त्यामुळे तिची सगळी गाऱ्हाणी ऐकायचा मान माझ्याकडे होता.

आता सगळं फार सोपं झालंय. बोटाएवढा प्रोब अन्ननलिकेतून आत सरकवायचा, की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हृदय हजर. कोणी कोणाशी बोललं नाही तरी चालतं. आमच्याकडे त्या वेळी एवढ्या लहान मुलांच्या घशातून जाईल असा प्रोबच नव्हता. ओपीडीतलं सोनोग्राफीचं धूड ढकलत आणायचं, त्याचा साबणाच्या वडीएवढा प्रोब निर्जंतुक पिशवीत घालायचा आणि सर्जननं तो थेट धडधडत्या हृदयावर टेकवायचा. आत शिवलेलं भोक नीट बुजलंय का, झडप गळत नाही ना, हे छाती बंद करायच्या आधी बघून घ्यायचं. नंतर कळून काय उपयोग?

गंमत अशी, की प्रोब ज्याच्या हातात त्याला मशीनच्या पडद्याकडे बघता येत नसे. त्याची नजर हृदयावर हवी, जरा दाबलं तर ते बिचारं कावरंबावरं व्हायचं. आणि पडदा जिच्यासमोर, तिचा हात तिथं पोचत नसे. मग कुमुदनं बोलायचं आणि जयसिंगनं हलवायचं. त्यात 'डावीकडं' म्हटलं की गोंधळ. सर्जनची डावी बाजू वेगळी, पेशंटची वेगळी, पडद्यावरची आणखी तिसरीच. सुरुवातीला त्यावरून दोघांची इतकी भांडणं झाली, की शेवटी कुमुदनं डावं-उजवं हद्दपार केलं. आमच्या थिएटरमध्ये चारच दिशा उरल्या: डोक्याकडं, पायाकडं, दाराकडं आणि खिडकीकडं.

"खिडकीकडं. अजून. अरे, एवढं नको, बाहेर पडशील!"

"तू बघायचं काम कर, पडलो तर हेमा उचलेल."

असं चालायचं. छाती उघडी, सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि ही दोघं भाजी निवडायला बसल्यासारखी बोलत असायची. मला ते ऐकत काम करायची इतकी सवय झाली होती, की मॉनिटरच्या टिकटिकीइतकाच तोही आवाज मला धीर द्यायचा. त्या दिवसांची आठवण आली की आजही पहिल्यांदा त्यांचं ते बोलणंच कानात येतं.

आणि तेच तीन आठवडे बंद होतं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. कागलचं एक बाळ आलं होतं, सात महिन्यांचं, गुबगुबीत हातांचं. ऑपरेशन छान झालं, पण प्रोब ठेवल्यावर कुमुदला झडपेतून रक्त मागे येताना दिसलं. बाळाला परत पंपावर घेतलं, हृदय परत थांबवलं, झडप परत शिवली. गळती थांबली. पण ते एवढंसं हृदय दुसऱ्यांदा थांबलं ते नीट चाललंच नाही. आम्ही जे जे येतं ते सगळं केलं आणि शेवटी दत्तूनं पंप बंद केला.

त्या दिवसापासून सरनाईकांच्या घरात अबोला. भांडण नाही, आदळआपट नाही. तो जेवायचा, ती वाढायची, बस्स. मुलगी सांगलीला हॉस्टेलवर, त्यामुळे घरी निरोप्याचंही काम करायला कोणी नव्हतं. थिएटरमध्ये मात्र मी होते.

"त्याला वाटतं मी मारलं बाळाला," कुमुद मला एकदा चेंजिंग रूममध्ये म्हणाली.

"असं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला पाहिजे? बघत नाही तो माझ्याकडं."

जयसिंग खोटं बोलू शकत नसे, हीच पंचाईत होती. लोकांना बरं वाटावं म्हणूनही त्याच्या तोंडून कधी एक गोड शब्द खोटा निघाला नाही. 'शंभरातली दहा मुलं यात दगावतात' हे तो आईबापांच्या डोळ्यांत बघून सांगायचा, आणि मग कुमुद मागे थांबून त्यांचे डोळे पुसायची. अशा माणसाला मनात नसलेलं 'तुझी चूक नाही' म्हणता येणार नाही, म्हणून तो गप्प बसलाय, असा तिचा हिशेब होता. मला तो हिशेब पटत नव्हता, पण खोडताही येत नव्हता.

त्या दिवशी टेबलावर होती ती परवीन शिकलगार, सहा वर्षांची. बाप बाबालाल सायकलला सहाण लावून गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. परवीनच्या हृदयात मधल्या पडद्याला खालच्या अंगाला भोक होतं आणि डाव्या झडपेच्या पाळीला उभी चीर. जिना चढली की धापा टाकायची. वर्गातल्या मुली लंगडी खेळायच्या आणि ही चपला राखायला बसायची.

सकाळी तिला आत घ्यायच्या वेळी बाबालालनं जयसिंगला अडवलं.

"सायब, एक इचारू का? रागवू नगा."

"विचारा की."

"हत्यारांस्नी धार हाय न्हवं चांगली? न्हाईतर मी दारातच हाय. घटकेत लावून देतो."

तीन आठवड्यांत जयसिंग पहिल्यांदा हसला. "धार आहे, मामा. तुम्ही बसा निवांत."

बाबालालची बायको रजिया पुढं आली. तिनं परवीनचा हात माझ्या हातात दिला, आणि दिला तो सोडवेना तिच्यानं. शेवटी परवीननंच आपला हात ओढून घेतला आणि मला विचारलं, "मग मला लंगडी खेळता येणार?"

"येणार," मी म्हणाले. मी जयसिंगसारखी नव्हते, मला असं पटकन बोलून टाकता यायचं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. भोकावर ठिगळ बसलं, झडपेची चीर शिवली, हृदय सुरू झालं आणि आम्ही पंपावरून बाहेर आलो. मग दिवे मंद केले, कारण उजेडात पडदा नीट दिसायचा नाही. आणि ते 'डॉक्टरांना सांग', 'मॅडमना सांग' सुरू झालं.

"हेमा, सांग, ठिगळ चांगलं बसलंय. कुठून काही जात नाही."

"सर, ठिगळ चांगलं आहे."

"झडप?"

"कुमुद, झडप?"

ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली. "पायाकडं म्हणावं. हां. गळती धाग्याएवढी आहे. काहीच नाही."

मी ते सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सिस्टरनं सुया मोजायला घेतल्या. जयसिंग म्हणाला, "मॅडमना विचार, बंद करू का?"

कुमुदनं उलट मलाच विचारलं, "प्रेशर किती आहे?"

"सत्तर."

"वाढव. शंभरापर्यंत ने."

तिचं म्हणणं बरोबर होतं. नुकतंच जागं झालेलं हृदय दमलेलं असतं, हळूच ढकलतं. तेव्हा झडप गळत असली तरी गळती अंग चोरून बसते. परवीन काही आयुष्यभर भुलेत निजून राहणार नव्हती. तिला जिने चढायचे होते, लंगडी खेळायची होती. त्या वेळी जो दाब पडेल त्या दाबाला झडप टिकते का, ते आत्ताच बघायला हवं होतं. मी औषध दिलं, दत्तूनं थोडं रक्त सोडलं. आकडा चढायला लागला. ऐंशी, नव्वद, पंचाण्णव.

आणि पडद्यावर झडपेतून मागे एक झोत उसळला, निळा, हिरवा, पिवळा, दिवाळीतलं झाड पेटावं तसा. मला ती चित्रं वाचता येत नसत, पण हे न कळायला मी काही आंधळी नव्हते.

कुमुदला तर ते माझ्या आधी दिसलं होतं. तिचा हात बटणावर होता तसाच राहिला.

"मॅडमना विचार, काय दिसतंय," जयसिंग म्हणाला. त्याची नजर हृदयावर होती, त्याला झोत दिसला नव्हता.

"कुमुद?"

तिच्यासमोर काय होतं ते मला कळत होतं. परवीनची झडप तिला दिसत होती आणि त्यामागे कागलचं बाळ. 'गळती आहे' म्हटलं की परत पंप, परत हृदय थांबवायचं, आणि थांबवलेलं पुन्हा चालेल याची हमी कोण देणार? नाही म्हटलं तर छाती बंद होईल, मुलगी आज जिवंत बाहेर जाईल. बाबालाल पाया पडेल. आणि वर्ष-दोन वर्षांत तीच मुलगी फुप्फुसात पाणी भरून परत येईल, तेव्हा झडप शिवण्यापलीकडे गेलेली असेल.

"डॉक्टरांना सांग," कुमुद अगदी हळू म्हणाली, "थोडी गळती आहे. थोडीशीच."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"सांग ना, हेमा."

"नाही."

"काय नाही?"

"हा निरोप मी नाही देणार. हे तुझं तू सांग त्यांना."

सिस्टरचे हात थांबले. मला वाटलं, आता कुमुद हातातलं सगळं टाकून बाहेर निघून जाणार.

तेव्हा मधल्या हिरव्या पडद्यावरून जयसिंगनं मान वर केली. हात हृदयावर तसाच ठेवून त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं.

"कुमुद."

मॅडम नाही, कुमुद. तीन आठवड्यांनी.

"थोडी म्हणजे किती?"

"मला नाही सांगता येत."

"तुलाच येतं."

"मागच्या वेळी मी सांगितलं आणि..."

"मागच्या वेळी तू काय सांगितलंस? गळती आहे, एवढंच म्हणालीस. आणि होतीच ती. परत पंपावर जायचं हे मी म्हणालो. तू नाही."

कुमुदनं मान हलवली. "मी म्हणाले होते."

"मी म्हणालो. हेमाला विचार. हेमा, तू होतीस ना इथं? कोण म्हणालं परत जायचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दत्तू तेवढा खाली मान घालून नळ्यांशी खेळत होता.

"सर म्हणाले," मी म्हणाले.

"ऐकलंस? तुझं काम बघायचं. जायचं का नाही, ते मी ठरवतो. त्या दिवशी मीच ठरवलं आणि आजही मीच ठरवणार. झालं वाईट तर ते माझ्या नावावर. आता काय दिसतंय ते नीट सांग, माझा हात अवघडलाय."

कुमुदनं बाहीनं डोळे पुसले. निर्जंतुक थिएटरात असं करायचं नसतं, पण त्या दिवशी तिला कोण बोलणार?

"मोठी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आधी घोगरा होता, मग हळूहळू तिचा नेहमीचा झाला. "चीर शिवलीस तिचं काठाकडचं टोक मोकळं राहिलंय. तिथूनच येतंय सगळं. एक टाका, फार तर दोन. परत जावं लागेल, जय."

"दत्तू, पंप," जयसिंग म्हणाला.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. हृदय थांबवलं, उघडलं. मोकळं टोक कुमुदनं सांगितलं तिथंच सापडलं. दोन टाके पडले. मग पुन्हा रक्त सोडलं आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. हृदय नुसतं थरथरत राहिलं. जयसिंगनं शॉक दिला. काही नाही. कुमुद माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मी, जन्मानं जैन, मनातल्या मनात नवकार म्हणत होते आणि मध्येच रजियासाठी अल्लाचंही नाव घेतलं, कारण तेव्हा कोणाला वगळायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या शॉकनंतर एक ठोका पडला. मग खूप उशिरानं दुसरा. मग ते भानावर आल्यासारखं चालायला लागलं.

"प्रेशर शंभरला ने," कुमुद मला म्हणाली, आणि नवऱ्याला म्हणाली, "दाराकडं. अजून. आता डोक्याकडं. हलू नकोस."

"हललो नाही."

"हललास. हां, असाच थांब."

माझी निरोप्याची नोकरी तिथं सुटली, आणि खरं सांगते, मला रडू आलं. पडद्यावर झडप उघडत होती, मिटत होती, आणि मागे काहीच येत नव्हतं.

"बंद करू?" जयसिंगनं विचारलं.

"थांब. बघू दे मला जरा."

"बघ. मला घाई नाही."

बाबालालला बातमी सांगायला दोघं बरोबर गेली. मी लांबूनच बघितलं. तो पाया पडायला वाकला तर जयसिंगनं त्याला वरच्या वर धरलं, आणि मग मला दिसलं, की जयसिंगच त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून रडतोय आणि धार लावणारा तो माणूस सर्जनची पाठ थोपटतोय. "सायब, ऱ्हाऊ द्या आता, पोरगी बरी हाय न्हवं," असं तो सारखा म्हणत होता.

त्या संध्याकाळी जयसिंग मला एवढंच म्हणाला, "तोंड उघडलं की त्या बाळाचंच निघणार होतं, म्हणून गप्प होतो. ती तिसरंच समजली." परवीन दहाव्या दिवशी घरी गेली आणि पुढच्या वर्षी तपासायला आली तेव्हा गुडघे फोडून आली. लंगडीत पडली होती. कुमुदनं त्या गुडघ्यांना स्वतः औषध लावलं.

जयसिंग जाऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी कुमुदकडे राहायला गेले होते. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत बसलो होतो, जुन्या थिएटरच्या, दत्तूच्या, त्या चार दिशांच्या गोष्टी काढून हसत होतो. हसता हसता ती थांबली.

"हेमा, एक विचारू? कागलच्या बाळाच्या वेळी 'परत जा' कोण म्हणालं होतं?"

"सर म्हणाले होते," माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"आता तरी खरं सांग गं."

"तू म्हणाली होतीस. सर म्हणत होते, राहू दे, झेपायचं नाही त्याला. तू दोनदा म्हणालीस, परत जा."

"हो," ती म्हणाली.

"म्हणजे तुला आठवत होतं?"

"आपण बोललेलं माणूस असं विसरतं होय? त्या दिवशी तो परवीनच्या टेबलावरून बोलत होता, तेव्हाही मला शब्दन् शब्द आठवत होता."

"मग गप्प का राहिलीस?"

कुमुदनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सदतीस वर्षांच्या संसारात माझ्याशी एवढं एकच खोटं बोलला तो. तेही दहा माणसांसमोर, लेकराचं हृदय हाताखाली धरून. मी त्याला खोटं पाडणार होते होय?"